शिकलेलं जातं कुठे? – शिक्षण संशोधनातले न सुटलेले प्रश्न

टिपणवही

गेली नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या संशोधनाचे आकडे साफ करून देते. शिक्षण आणि समाजशास्त्र हे विषय जास्त. कुणाचा प्रबंध, कुणाचा प्रकल्प अहवाल. तक्ते माझे, निष्कर्ष त्यांचे.

मध्यंतरी एक अहवाल परत आला. तपासणाऱ्याचा शेरा होता, 'सैद्धांतिक चौकट जुनी वाटते.' संशोधकाने दोन दिवसांत चौकट बदलली. आधी समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू होते, सांस्कृतिक भांडवल (घरातून मिळालेली भाषा, सवयी, पुस्तकं) वगैरे. ते गेले, मानसशास्त्रज्ञ बांडुरा आले, 'स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास' आला. सात पानं नवी. मी सवयीने दोन्ही फाइल्स शेजारीशेजारी लावून पाहिल्या. एकाही तक्त्यातला एकही आकडा बदलला नव्हता. प्रश्नावली तीच, गृहीतकं तीच, निष्कर्षाचा परिच्छेदसुद्धा शब्दशः तोच. अहवाल मंजूर झाला.

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. एक सिद्धांत काढून तिथे दुसरा बसवला तरी काहीच हलत नसेल, तर पहिला तिथे करत काय होता?

म्हणून या मंचावर हा चर्चेचा धागा. मला यादी नकोय. 'शिक्षणाचे उद्दिष्ट काय' छापाचे प्रश्नही नकोत, त्यावर जन्मभर बोलता येतं. असा एखादा प्रश्न सांगा ज्याचं उत्तर खरोखर कुणाकडे नाही. शिवाय ते का नाही, हेही सांगा: माहिती कमी पडते म्हणून, की प्रश्नच नीट मांडला गेलेला नाही म्हणून?

सुरुवात माझ्यापासून. १९६२ ते १९६७ या काळात अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलान्टी इथे १२३ गरीब मुलांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला चांगली बालवाडी दिली, दुसऱ्याला नाही. बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यंक झपाट्याने वर गेला आणि शाळेची पहिली काही वर्षं सरेपर्यंत ती आघाडी पुसली गेली. तिथेच मोजणं थांबलं असतं तर 'प्रयोग फसला' म्हणून फाइल बंद झाली असती. पण त्याच मुलांना चाळिशीपर्यंत गाठत राहिले. बालवाडीवाल्यांची कमाई जास्त होती, नोकरीत असण्याचं प्रमाण जास्त होतं, अटका कमी झाल्या होत्या.

एवढी १२३ मुलं, योगायोग असेल म्हणाल. मग अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यातला प्रयोग घ्या. १९८५ साली सुरू झाला, ७९ शाळा, साडेअकरा हजारांच्या वर मुलं. कुणाला लहान वर्ग मिळेल, कुणाला मोठा, हे नशिबावर सोडलेलं. पुढे २०११ मध्ये त्या मुलांची मोठेपणीची कमाई करखात्याच्या नोंदींतून तपासली गेली. बालवर्गात ज्यांना चांगला वर्ग (ज्यातल्या मुलांचे गुण एकूण चढे निघाले असा) लाभला होता त्यांच्या गुणांतला फरक आठवीपर्यंत विरून गेला होता, आणि सत्ताविसाव्या वर्षीच्या कमाईत तो पुन्हा उगवलेला दिसला.

मधली वीस वर्षं ते कुठे होतं?

ठरलेलं उत्तर आहे, 'बिगर-बौद्धिक कौशल्यं'. चिकाटी, शिस्त, लोकांत मिसळणं. मला हे उत्तर वाटत नाही. हिशेबात जे शिल्लक राहिलं त्याला दिलेलं ते नाव आहे. शिवाय त्याच टेनेसीत नंतर झालेल्या सरकारी बालवाडीच्या पाहणीत उलटंच निघालं. त्याचे सहावीपर्यंतचे निकाल २०२२ मध्ये आले. बालवाडीत गेलेली मुलं गुणांत मागे होती आणि त्यांच्या बेशिस्तीच्या नोंदीही जास्त होत्या. म्हणजे कोणती बालवाडी काय पेरते, ते कधी विरेल, कधी उगवेल, हे आधी सांगणारा सिद्धांत आपल्याकडे नाही. निकाल आल्यावर समजावून सांगणारे मात्र भरपूर आहेत.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. सावकाश वाचणार.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्द्याला हात घालू या. ज्याला तुम्ही सिद्धांत म्हणताय तो सिद्धांत आहे का? आमच्याकडे (मी भौतिकशास्त्रातला) सिद्धांत म्हणजे आधी आकडा सांगायचा, मग मोजायचं. इथे सगळं 'सकारात्मक संबंध आढळला'. अहो, कशाचा कशाशी संबंध आढळत नाही?

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम 'लक्षणीय' (नुसत्या योगायोगाने सहसा न दिसणारा) होता. पुन्हा केल्यावर ३६ टक्के उरले. पाया असा असताना वर कोणत्या प्रश्नाचं उत्तर नाही हे विचारणं म्हणजे छप्पर कुठे गळतंय ते बघणं. घरच उभं नाही.

टिपणवही

शंकासुर, पुन्हा करून पाहिलं की सगळं मिटेल असं नाही. २०१८ मध्ये २९ गटांना एकच डेटा आणि एकच प्रश्न दिला गेला: फुटबॉलचे पंच गडद वर्णाच्या खेळाडूंना लाल कार्ड जास्त देतात का? २० गट म्हणाले हो, ९ गटांना ठोस काही सापडलं नाही. आकडे सगळ्यांपुढे तेच. कुणी चूक केली नव्हती. कोणता घटक धरायचा, कोणता सोडायचा, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. ते ठरवायला सिद्धांत लागतो आणि तोच ढिला आहे. छप्पर म्हणा, पाया म्हणा.

मोजपट्टी

शंकासुर यांचं 'कशाचा कशाशी संबंध आढळत नाही' हे थट्टेत आलंय, पण पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने हेच गंभीरपणे मांडलं होतं. सामाजिक विषयांत सगळ्याचा सगळ्याशी थोडा थोडा संबंध असतोच, त्यामुळे 'संबंध शून्य नाही' हे दाखवून कोणताच सिद्धांत सिद्ध होत नाही, असा त्याचा मुद्दा होता. पहिला लेख १९६७ चा. तेव्हापासून सगळे माना डोलावतात आणि तेच करत राहतात.

माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. आपण जे मोजतो ते मोजण्यासारखं आहे का?

नीट सांगतो. एका मुलाचे गुण ४० वरून ५० झाले, दुसऱ्याचे ८० वरून ९०. दोघांची प्रगती सारखी? वजन असतं तर 'हो' म्हणता आलं असतं, कारण दहा किलो म्हणजे दहा किलो, कुठूनही मोजा. गुणांच्या बाबतीत असं म्हणायला आधार काय? सोपे प्रश्न वाढवा, खालची मुलं जवळ येतात. अवघड वाढवा, वरची पांगतात. उंची मोजायची पट्टी रबराची असावी तसं.

टिपणवहींच्या प्रश्नाला हे थेट भिडतं. फरक 'विरला' असं तुम्ही कोणत्या पट्टीवर म्हणता? बहुतेक वेळा प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण किती पांगलेत त्याच्या) पट्टीवर. मुलं मोठी होतात तसं त्यांच्यातलं ज्ञानाचं अंतर फाकत जातं, विचलन वाढतं. मग पहिलीत जो फरक मोठा दिसत होता तोच, तेवढाच, पाचवीत बारीक दिसतो. काहीही न विरता! (सगळं विरणं यातून निघत नाही हेही तपासलं गेलंय. काही भाग निघतो.) याहून त्रासदायक म्हणजे २०१३ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या गुणांतली दरी पहिल्या काही इयत्तांत वाढते की नाही, हे पट्टी कशी ताणता यावर ठरतं. क्रम तसाच ठेवायचा, फक्त अंतरं बदलायची, की निष्कर्ष बदलतो.

हा वाद नवा नाही. १९३२ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची एक समिती नेमली होती. संवेदना मोजता येते का, एवढाच प्रश्न. १९४० पर्यंत घोळ घातला, एकमत झालं नाही. मग १९४६ मध्ये स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने मोजमापाची व्याख्याच सैल केली: नियमाने आकडे चिकटवले की झालं मोजमाप. आपण सगळे त्या सैल व्याख्येवर पोट भरतो. मीही. चाचण्या तयार करणं हाच माझा धंदा आहे.

शंकासुर

मोजपट्टी, दंडवत. ही समिती मला माहीत नव्हती.

खडूफळा

मी गणित शिकवतो, संशोधक नाही. पण प्रश्न माझ्याकडेही आहे, आणि तो रोज समोर बसलेला असतो.

वर्गातली एक मुलगी. 'ए अधिक बी कंसाचा वर्ग' विचारलं की झोपेतून उठवली तरी सांगेल: ए वर्ग अधिक दोन ए-बी अधिक बी वर्ग. फळ्यावर 'एम अधिक तीन कंसाचा वर्ग' लिहिलं. तिने लिहिलं एम वर्ग अधिक नऊ. मी म्हटलं, "अगं, सूत्र येतं ना तुला?" ती म्हणाली, "येतं ना सर. पण ते ए-बीचं आहे."

हसू नका. तिचं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. तिच्या दृष्टीने ए आणि बी ही त्या सूत्राची माणसं आहेत. एम हा परका. आता सांगा, तिला सूत्र 'येतं' की 'येत नाही'?

शिकलेलं एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं का, हा मानसशास्त्रातला जुना प्रश्न असल्याचं नंतर वाचलं. लॅटिन आणि भूमिती शिकली की बुद्धी सगळीकडेच तल्लख होते, असा एकेकाळी समज होता. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी लोकांकडून आयतांची क्षेत्रफळं अंदाजाने सांगण्याचा सराव करून घेतला आणि मग वेगळ्या आकारांवर तपासलं. सराव फारसा उपयोगी पडला नाही. दोन कामांत जेवढं सारखं असेल तेवढंच पलीकडे जातं, असं ते म्हणाले. ठीक. पण सारखं म्हणजे कुणाला सारखं? मला एम अधिक तीन आणि ए अधिक बी सारखंच दिसतं. तिला दिसत नाही. 'सारखं आहे' हे दिसणं म्हणजेच तर शिकणं! मग सिद्धांताने सांगितलं काय? जे शिकलं ते जातं, आणि जे गेलं ते शिकलं?

शंकासुर

याला न सुटलेला प्रश्न म्हणू नका. घोकंपट्टी करून घेतली तर असंच होणार. नीट समजावून शिकवलं की जातं पुढे.

खडूफळा

समजावूनच शिकवलं होतं साहेब. चौरस काढून, चार तुकडे करून. आणि 'नीट शिकवलं' हे ठरवायचं कसं? पुढे गेलं तर नीट, नाही गेलं तर नीट नव्हतं? असा सिद्धांत भौतिकशास्त्रात चालतो का?

अर्धविराम

खडूफळा, जबरदस्त. तुमच्या प्रश्नावरचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, १९८० च्या सुमाराचा. पोटात गाठ, तीव्र किरणांनी ती मरेल पण वाटेतली चांगली पेशीही मरेल, मग काय करायचं? (बऱ्याच दिशांनी सौम्य किरण सोडायचे, गाठीपाशी एकत्र आणायचे.) नुसतं विचारलं तर दहातला एखादाच सोडवतो. आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला देतात, जो सैन्याच्या तुकड्या करून वेगवेगळ्या रस्त्यांनी किल्ल्यावर आणतो. गोष्ट वाचूनही दहातले तिघेच सोडवतात. मग फक्त एवढं म्हणतात, 'त्या गोष्टीचा उपयोग होईल बघा', की चारांतले तिघे सोडवतात. म्हणजे डोक्यात असतं, हाताला लागत नाही.

माझा प्रश्न मात्र वेगळ्या गल्लीतला, मी अर्थशास्त्राची. शिकल्याने पगार वाढतो, हे जगभर दिसतं. का वाढतो? बेकर म्हणाला (१९६४), शिकून माणूस जास्त कामाचा होतो. स्पेन्स म्हणाला (१९७३), कामाचा होतो की नाही कोण जाणे, पण जो आधीच कामाचा आहे त्याला पदवी मिळवणं सोपं जातं, म्हणून पदवी ही खूण ठरते आणि मालक खुणेला पैसे देतो. दोघांनाही नोबेल मिळालं. गंमत अशी की दोन्ही सिद्धांतांचं भाकीत एकच: जास्त शिका, जास्त कमवा.

फरक कसा करायचा? शेवटचं वर्ष पुरं करून पदवी घेतलेल्याला, एक वर्ष आधी सोडलेल्याच्या मानाने अचानक उडी मिळते, हे खुणेच्या बाजूचं. पण मध्येच सोडणारी माणसं वेगळीच असतात, असं बेकरवाले म्हणणार. १९९१ मध्ये दोघांनी एक फट शोधली. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात वयाची अट असते, आणि वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं शाळेत थोडी मोठी होऊन येतात, त्यामुळे त्यांना थोडं कमी शिकून शाळा सोडता येते. जन्माचा महिना कुणी निवडत नाही. हिशेब केला, पगारात फरक निघाला. चार वर्षांत टीका आली की जन्माचा महिना आणि शिक्षण यांचा दुवा इतका नाजूक आहे की त्यावर एवढा डोलारा उभा राहत नाही. आणि उभा राहिला तरी तो सांगतो की शिकल्याने *त्या माणसाला* काय मिळालं. सगळ्या समाजात काही भर पडली, की नुसती रांगेतली जागा बदलली, ते तिथून कळत नाहीच.

टिपणवहींच्या कसोटीवर: इथे माहिती कमी नाही, ढीग आहे. दोन सिद्धांत एकमेकांपासून वेगळं काही बोलतच नाहीत अशा ठिकाणीच आपण सगळं मोजत बसलोय.

वाचनमात्र

वाचलं. एक बाळबोध शंका. टेनेसीच्या त्या प्रयोगात लहान वर्गांतल्या मुलांचे गुण वाढले असं वाचलंय, मग सगळीकडे लहान वर्ग का नाहीत?

मोजपट्टी

बाळबोध अजिबात नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये राज्यभर तेच केलं. एकदम हजारो शिक्षक लागले, घाईत घेतले, त्यातल्या अनेकांकडे पूर्ण पात्रता नव्हती. टेनेसीसारखा स्वच्छ फायदा काही दिसला नाही. 'एका ठिकाणी चाललं' ते 'सगळीकडे चालेल' या उडीसाठीही सिद्धांत लागतो. प्रयोग फक्त 'तिथे चाललं' एवढंच सांगतो.

टिपणवही

अर्धविराम यांचा प्रश्न वाचून मला आणखी एक आठवला, आणि हा मला सगळ्यात जास्त छळतो.

२०२० मध्ये एका स्पर्धेचे निकाल आले. चार हजारांहून जास्त अमेरिकी कुटुंबं, मूल जन्मल्यापासून नऊ वर्षांचं होईपर्यंतची माहिती, प्रत्येक कुटुंबाचे जवळजवळ तेरा हजार रकाने. १६० गटांना सांगितलं, ही मुलं पंधराव्या वर्षी कुठे असतील ते ओळखा: परीक्षेतले गुण, घरातली चणचण, घरातून हुसकावलं जाणं, असे सहा निकाल. आकड्यांवरून आपोआप शिकणाऱ्या संगणकाच्या नव्या पद्धती, सगळं वापरलं. सगळ्यात चांगलं मॉडेलही, चार साध्या रकान्यांवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा जेमतेम पुढे.

मी असले रकाने रोज भरते. तेरा हजार म्हणजे काय ते मला कळतं. त्यात एवढं सगळं असून पोर कुठे पोचेल ते सांगता येत नाही. मग जे उरलं ते काय आहे? आपल्याला अजून न कळलेलं कारण, की खरोखरच कारण नसलेली गोष्ट: त्या दिवशी नेमकी कुणाची गाठ पडली, कोण आजारी पडलं? समाजशास्त्राचा कोणताही सिद्धांत 'एवढं कळेल, याच्या पुढे कळणार नाही' अशी रेघ मारत नाही. हवामानवाले मारतात.

शंकासुर

हे मात्र मान्य. आमच्याकडे मर्यादा हासुद्धा सिद्धांताचाच भाग असतो. पण तुमच्याकडे एक जास्तीची अडचण आहे जी मी आत्ता धागा वाचताना लक्षात घेतली: इलेक्ट्रॉन आमचे शोधनिबंध वाचत नाहीत. १९६८ चा तो शिक्षकांच्या अपेक्षांचा प्रयोग आठवला. 'ही मुलं यंदा चमकणार' असं सांगून नावं दिली, नावं खरं तर आंधळेपणाने उचललेली, आणि पहिली-दुसरीत ती खरंच पुढे गेली. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की शिक्षक मुलांना आधीपासून ओळखत असतील तर ही जादू चालत नाही. आता शिक्षकांना हा प्रयोग प्रशिक्षणात शिकवतात. मग तो पुन्हा करता येईल का? सिद्धांत माहीत झाल्यामुळे खोटा ठरला, तर तो खोटा होता का?

अर्धविराम

शंकासुर, तुम्ही आमच्यात आलात.

खडूफळा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. त्या मुलीचं सांगायचं राहिलं.

मध्ये काही वेगळं शिकवलं नाही. छोटी चाचणी घेतली, त्यात मुद्दाम 'पी अधिक पाच कंसाचा वर्ग' घातला. पेपर तपासताना तिचं उत्तर दिसलं: पी वर्ग अधिक ३५. चूक. पण त्याच्या वर एक खोडलेली ओळ होती. आधी तिने नेहमीप्रमाणे पी वर्ग अधिक २५ लिहिलं होतं. मग समासात बारीक अक्षरात 'पी = १', त्याखाली ३६ आणि २६, आणि दोन्हीभोवती गोल. म्हणजे तिने पीच्या जागी एक घालून दोन्ही बाजू ताडून पाहिल्या, दहाचा फरक निघाला, तो दहा जोडून मोकळी झाली. एक घालून ताडून बघणं मी समीकरणांच्या धड्यात शिकवलं होतं, चार महिन्यांपूर्वी, अगदी वेगळ्या कामासाठी. तेव्हा तिला ते एकदाही जमलं नव्हतं. ती पी = २ घालून बघती तर दहा पुरत नाही हे तिचं तिलाच कळलं असतं.

विचारलं, हे कुठून सुचलं? खांदे उडवले. "बघितलं असंच."

मोजपट्टी

मार्क किती दिलेत?

खडूफळा

शून्य. उत्तर चूक आहे. सुरुवातीलाही त्या प्रश्नाला शून्यच होतं.

टिपणवही

म्हणजे माझ्याकडे हा डेटा आला असता तर दोन रकाने आणि दोन शून्यं. बदल नाही. खोडलेल्या ओळींचा रकाना नसतोच आमच्यात, स्कॅन करतानाच त्या वगळायला सांगतात.

खडूफळा, तो पेपर जपून ठेवलाय का? फोटो टाका ना इथे, नाव झाकून.

खडूफळा

नाही हो. त्याच दिवशी सगळ्यांचे पेपर परत दिले.